निवडुंगाचे दूध आणि एका रात्रीचे फूल

कोरगावात वर्षाला सरासरी शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो. अशा गावात वाळवंटातली झाडे लावणाऱ्याला लोक हसणारच. तरी माझ्या अंगणात पंधरा-वीस कुंड्या आहेत, जांभ्याचा चुरा आणि वाळू घालून भरलेल्या. मृग लागला की त्या पडवीत उचलून ठेवायच्या, हा आमच्या घरचा वार्षिक सोहळा.

तसे पाहिले तर आमचा सडाही पावसाळा सरला की वाळवंटच. तिथल्या जुन्या गडग्यांवर निवडुंग उभा असतो. काजू, मिरची, अननस यांच्याबरोबर हाही पोर्तुगिजांनी आणला, असे मी वर्गात बरीच वर्षे सांगत आलो. एकदा आठवीतल्या एका मुलाने त्याचे कांडे मोडून टेबलावर ठेवले आणि विचारले, "सर, कॅक्टसाक दूध येता?" माझी पंचाईत झाली. दूध येणारा हा निवडुंग एरंडाच्या कुळातला, आपल्याकडचाच; आयुर्वेदातली स्नुही ती हीच. खरे कॅक्टस मूळचे अमेरिकेतले. आफ्रिका आणि श्रीलंकेत रानटी सापडणारी एक जात तेवढी अपवाद.

फड्या निवडुंग मात्र पाहुणा, आणि त्याची हकिकत कापडाच्या रंगाशी जोडलेली. त्याच्यावर पोसणाऱ्या एका किड्यापासून किरमिजी रंग निघे आणि मेक्सिकोतला तो व्यापार स्पेनने मुठीत ठेवला होता. इंग्रज अधिकाऱ्यांचे लाल कोट याच रंगाचे. साहजिकच कंपनी सरकारला तो किडा हवा होता. मद्रासेत डॉ. जेम्स अँडरसनने त्यासाठी निवडुंगाची बाग केली. 1795 साली कॅप्टन नील्सनने रिओ द जानेरोहून किडे कलकत्त्यास आणले. ते निघाले हलक्या जातीचे. रंग बेताचाच आला, पण उत्तरेतला फड्या निवडुंग त्यांनी खाऊन साफ केला! दक्षिणेतली दुसरी जात त्या किड्याला पुरून उरली आणि शेतांत, गायरानांत माजली. शेवटी 1926 साली श्रीलंकेतून वेगळा किडा आणावा लागला. त्याने पाच-सहा वर्षांत सुमारे एक लाख एकर जमीन मोकळी केली. जे काम रंगासाठी आरंभले, ते तण मारण्याच्या कामी आले.

माझ्या कुंड्यांतले मानाचे झाड मात्र बिनकाट्याचे आहे. आपण ज्याला ब्रह्मकमळ म्हणतो ते. हिमालयातले ब्रह्मकमळ निराळे. तो उत्तराखंडाचा राज्यपुष्पाचा मान. आमचे हे मेक्सिको-ग्वाटेमालाकडचे कॅक्टस. ज्याला पान समजून आपण मातीत खोचतो, ते त्याचे चपटे खोड. फूल रात्री आठ-नऊला उमलू लागते, मध्यरात्री भरात येते आणि पहाटे मान टाकते.

1979 साली आमच्याकडे ते पहिल्यांदा फुलले. मी पाचवीत होतो. आईने शेजारी निरोप धाडले, फुलाला हळद-कुंकू वाहिले. बाबांकडे आग्फा क्लिक थ्री कॅमेरा होता, रोलात बारा फोटो. फ्लॅश नव्हता, म्हणून काकांनी पेट्रोमॅक्स उचलून धरली. अकरा फोटो काळे आले. बाराव्यात फुलाच्या जागी नुसता पांढरा डाग, पण शेजारी वाकलेली आई स्वच्छ. तिचा त्या वयातला दुसरा फोटो आमच्याकडे नाही.

पुढे एम. ए. झाल्यावर मी तिला हे ब्रह्मकमळ नव्हेच, असे ऐकवले. तिने हातातली कुंकवाची कुयरी खाली ठेवली नाही. म्हणाली, "मगे देवाक सांग तू." त्यावर इतिहासाच्या माणसाने काय बोलावे?

आई गेल्याला आता नऊ वर्षे झाली. यंदा श्रावणात एका रात्री सात फुले आली. मुलाने मोबाईलवर चाळीसेक फोटो काढले, सगळे सुरेख. मी शेजारच्या घरांना निरोप पाठवला: आमच्याकडे ब्रह्मकमळ फुलतंय, या.