संहिता, बदल आणि घटना

हस्तलिखिताच्या अभ्यासकाला संहितेतील बदल नेहमी खुणेच्या रूपात भेटतो. खोडलेला शब्द, समासातील भर, हरताळ फासलेली ओळ या खुणांमधूनच तो पाठाचा इतिहास उभा करतो. संगणकाच्या पडद्यावर मात्र बदल ही प्रथमतः 'घटना' असते. या स्थित्यंतराचा विचार आपल्या समीक्षेने करणे अगत्याचे आहे.

१९७४ साली कॅलिफोर्नियातील झेरॉक्स पार्क या संशोधनकेंद्रात बटलर लॅम्पसन आणि चार्ल्स सिमोनी यांनी 'ब्राव्हो' हा संपादनाचा प्रोग्रॅम घडवला. त्यात एकच कळ कधी अक्षर असे, तर कधी आज्ञा. आज्ञेच्या अवस्थेत चुकून 'एडिट' या इंग्रजी शब्दाची चार अक्षरे दाबली, की सर्व मजकूर निवडला जाऊन पुसला जाई आणि त्याच्या जागी केवळ 'टी' उरे. १९७५च्या सुमारास लॅरी टेस्लर आणि टिमोथी मॉट यांच्या 'जिप्सी'ने हे द्वैत दूर केले. अक्षराची कळ दाबणे म्हणजे संहितेत बदल करणे, हा संकेत येथे स्थिरावला.

हा बदल कोणाला कळावा, हा पुढचा प्रश्न. १९७९मध्ये त्याच केंद्रात ट्रिग्वे रीन्स्काउग यांनी आशय आणि त्याचे पडद्यावरील दर्शन यांची फारकत मांडली. तिला अनुसरणाऱ्या स्मॉलटॉक-८०मध्ये आशय बदलला की तो तशी घोषणा करतो आणि त्यावर अवलंबून असलेली दर्शने स्वतःला नवी करून घेतात. मायक्रोसॉफ्ट विंडोजमधील मजकुराची चौकट अशा दोन सूचना देते: बदललेला मजकूर पडद्यावर उमटण्यापूर्वी एक आणि उमटल्यानंतर दुसरी. दोन्ही सूचना 'बदल झाला' एवढेच सांगतात; आधी काय होते, हे सांगत नाहीत. १९९८च्या जावा १.२मधील 'स्विंग' बदलाचे स्थान आणि लांबी कळवते; परंतु वगळल्याची सूचना पोहोचेपर्यंत वगळलेली अक्षरे संहितेतून गेलेली असतात. 'अनडू'ची यादी जुना पाठ सांभाळते खरी, पण प्रोग्रॅम बंद होताच तीही सहसा विरते.

देवनागरीत हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. १९९१च्या पहिल्या युनिकोडपासून जोडाक्षर हे अनेक संकेतांची मालिका म्हणून नोंदले जाते. इनस्क्रिप्ट कळफलकावर 'भक्ती' लिहिताना भ, क, हलन्त, त आणि दीर्घ वेलांटी असे पाच संकेत, म्हणून पाच बदल घडतात. तिसऱ्या बदलानंतरचा 'भक्' हा लेखकाला अभिप्रेत नसलेला पाठ असतो. तरीही प्रत्येक बदलासरशी शोध घेणारा किंवा शुद्धलेखन तपासणारा प्रोग्रॅम तो पुरा मानून वाचतो. लेखकाच्या दृष्टीने बदलाचे एकक अक्षर आहे, यंत्राच्या दृष्टीने संकेत.

वि. स. सुकथनकरांनी १९३३मध्ये पूर्ण केलेली आदिपर्वाची चिकित्सक आवृत्ती शक्य झाली, कारण लेखनिकांचे प्रमाद आणि प्रक्षेप पोथ्यांत टिकून होते. कागदाने ते सांभाळावेत असा कोणाचा हेतू नव्हता; ते आपोआप उरले. घटनेचे तसे नसते. ती ऐकणाऱ्या प्रोग्रॅमने नोंदली तरच टिकते, आणि काय नोंदायचे हे प्रोग्रॅम लिहिणारा आधीच ठरवून बसलेला असतो. त्यामुळे आजच्या लेखकाच्या निर्मितिप्रक्रियेचा अभ्यास करू पाहणाऱ्याला पाठभेद तपासण्यापूर्वी, ते टिपण्याची व्यवस्था कोणी आणि कोणत्या एककात केली होती, हे तपासावे लागेल.