मुबारक नक्को बोलो : आशूऱ्याच्या चार वाक्यांवर भाष्य

मोहरमच्या दहा तारखेला, म्हणजे आशूऱ्याला, हैदराबादच्या दारुलशिफा-दबीरपुऱ्याकडे ज्या तऱ्हेचं बोलणं कानावर पडतं त्यातली ही चार वाक्यं. भाषा दखनी. पोथी नाही, रस्ता हाच मूळ पाठ.

१. मुबारक नक्को बोलो.

‘नक्को’ हा आपलाच ‘नको’, दखनीत जाऊन जरा जोर चढलेला. काचीगुड्यात राहायला आलो त्या वर्षी आशूऱ्याच्या सकाळी मी शेजारी जाऊन हसतमुखाने मुबारकबाद देऊन बसलो. काळा कुर्ता घातलेले चाचा रागावले नाहीत. खाटेवर बसवलं, पाण्याचा पेला पुढे केला आणि हे वाक्य बोलले. हिजरी ६१ मध्ये, म्हणजे इ.स. ६८० साली, पैगंबरांचे नातू हुसेन करबल्यात मारले गेले, तो हा दिवस. शत्रूने फुरात नदीचं पाणी तोडलं होतं, म्हणून सबिलीवर, म्हणजे पाणपोईवर, वाटसरूला पाणी पाजायचं. आपण मराठीत मोहरमला सरसकट ‘सण’ म्हणतो, माझी चूक तिथेच झाली. मोहरमची पहिली तारीख हा हिजरी वर्षारंभ, त्यामुळे कित्येक सुन्नी घरांत त्या दिवशी शुभेच्छा चालतात. शिया घरी मात्र पहिल्या तारखेपासूनच जीभ आवरलेली बरी.

२. आज रोजा नै, फाका है.

चारांत वजनदार वाक्य हेच. सुन्नी परंपरेत आशूऱ्याचा रोजा जुना. हिजरी २ मध्ये रमजानचे रोजे फर्ज झाले आणि हा ऐच्छिक उरला. यहुद्यांच्या उपासाहून वेगळा दिसावा म्हणून त्याला नववी किंवा अकरावी तारीख जोडतात. शियांचं म्हणणं असं की हुसेनच्या हत्येच्या दिवशी पुण्याचा उपास कसला? म्हणून रोज्याची नियत न करता असरपर्यंत, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजापर्यंत, अन्नपाण्यावाचून राहायचं आणि मग साध्याशा घासाने सोडायचं. हाच फाका. एकाच गल्लीत दोन पोटं सारखीच रिकामी. एक मगरिबच्या अजानेला खजूर तोंडात टाकतं, दुसरं त्याच्या आधीच सुटलेलं असतं. बाहेरच्याला फरक दिसत नाही, कारण फरक नियतीत आहे.

फिकहमध्ये, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्रात, कृतीच्या साधारण पाच पायऱ्या मानतात : फर्ज, मुस्तहब, मुबाह, मकरूह, हराम. माझ्या मते आशूऱ्यावरचे बरेचसे वाद मुबाह ही ना पुण्य ना पाप अशी मधली पायरी गाळल्यामुळे होतात. जे सांगितलेलं नाही ते तेवढ्याने निषिद्ध होत नाही. अर्थात आक्षेप घेणाऱ्याकडेही शब्द तयार असतो : बिदअत, म्हणजे धर्मात नव्याने घुसवलेली गोष्ट. तो फक्त देवबंदी वापरतात असं समजू नये. दर्ग्यांना मानणाऱ्या बरेलवी परंपरेचे अहमद रजा खान यांनीही ताजियेदारीवर कडक लिहिलं आहे.

३. खून देना है तो दवाखाने में देव.

मातम म्हणजे छाती पिटणं, इथवर शियांत वाद नाही. वाद पात्यांचा आहे. इराणच्या खामेनींनी १९९४ मध्ये डोक्यावर तलवार मारून घेणं नाजायज ठरवलं; बाकीच्या आलिमांत एकमत नाही. हैदराबादेत पात्यांचा मातमही होतो आणि रक्तदानही. उघड्या पाठीवर गुलाबपाणी शिंपडलं की रक्ताच्या आणि गुलाबाच्या त्या मिसळलेल्या वासापुढे माझा तरी युक्तिवाद थांबतो.

४. हत्ती आया क्या?

हे पोराचं वाक्य. हत्तीवरून निघतो तो बीबीचा अलम, म्हणजे मानाचं निशाण, कुत्बशाहीतला. हुसेनच्या आई फातिमाबीबींना ज्या फळीवर अखेरचं स्नान घातलं तिचा तुकडा त्यात आहे, अशी श्रद्धा. कुत्बशहा शिया, पुढचे निजाम सुन्नी. तरी मान तुटला नाही. आजही वाटेत पोलीस आयुक्त त्याला धट्टी, म्हणजे मानाचं वस्त्र, चढवतात. अलम हत्तीवरून चादरघाटाकडे जातो.

हत्ती मात्र कुठल्याच फिकहचा नाही. तो दरबारी डौल. शास्त्राला विचाराल तर फार तर मुबाह. त्यावरचा खरा वाद कोर्टात पोचला, आणि त्यात कोल्हापूरही आलं. नांदणीच्या जैन मठाची माधुरी हत्तीण मोहरमच्या मिरवणुकीसाठी तेलंगणात नेली जाते, ही तक्रार मुंबई उच्च न्यायालयातल्या प्रकरणात होती. २०२५ मध्ये ती जामनगरला वनतारा या प्राणिकेंद्रात गेली. जैन मठाची हत्तीण, शियांचा अलम आणि सुन्नी निजामांनी राखलेला मान, यात कुणाला काही खटकल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. खटकले ते तिचे दुखरे पाय आणि परवान्याचे कागद.

चाचा हत्तीसाठी थांबत नाहीत. असर झाली की घरी जाऊन फाका सोडतात.