पलटणीतल्या आपल्या माणसांचा शोध

स्मरणिका समितीची मुलं म्हणाली, "काका, इतिहासावर लेख द्या, पण पुस्तकातला नको. वस्तीतला द्या." म्हणून हे लिहायला बसलो. मी काही इतिहासकार नाही. शिक्षण नववीपर्यंत. सगळी उमर गिरणीच्या साचेखात्यात गेली. २०२० च्या टाळेबंदीत गिरणी थांबली ती थांबलीच. वाचन जे काही झालं ते पाळ्या सांभाळून.

घाटकोपरच्या आपल्या वस्तीत कुणाच्याही घरी जा, भिंतीवर बाबासाहेबांचा आणि तथागतांचा फोटो असतो, आणि बोलता बोलता कुणीतरी सांगतंच, "आमचा आजा पलटणीत होता." पण कुठल्या पलटणीत, कुठल्या साली, नंबर काय, असं विचारलं की घर गप्प होतं. आमच्या घरीही तसंच होतं. माझे आजोबा पहिल्या महायुद्धात गेले होते, बसऱ्याला तुर्कांशी लढले, बंदूक चालवण्यात त्यांचा हात कुणी धरत नसे, असं वडील सांगायचे. पुरावा म्हणजे ट्रंकेतलं एक मेडल. आई दरवर्षी १४ एप्रिलला ते चिंच लावून घासायची. घासून घासून राजाचं तोंड गुळगुळीत झालेलं.

चार-पाच वर्षांपूर्वी एका जाणत्या गृहस्थाने सांगितलं की पहिल्या लढाईच्या या मेडलच्या कडेवर माणसाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. माझ्याकडे गिरणीतलं, कापडाचे पिक मोजायचं भिंग होतं. ते घेऊन खिडकीपाशी बसलो. अक्षरं झिजलेली, तरी नंबर लागला, आजोबांचं नाव लागलं. आडनाव नव्हतंच. आणि पुढे शब्द होता, "लेबर कोअर".

म्हणजे आजोबा बंदूकवाले नव्हते. मजूर होते.

नंतर आणखी एक गोष्ट समजली. हे युद्धाचं मेडल लढणाऱ्या शिपायाला चांदीचं मिळे. मजूर, खेचरवाले अशा लष्करामागे राबणाऱ्यांना तेच मेडल काशाचं मिळे. आमचं काशाचं. आई इतकी वर्षं चिंच लावत होती, आणि चिंच कशाला लावतात हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही!

ही गोष्ट मी घरात सांगितली तेव्हा पुतण्या रागावला. तो दर १ जानेवारीला भीमा कोरेगावला जातो. त्याने आजोबांचा फोटो टाकून "शूर सैनिक" असा बॅनरही केला होता. म्हणाला, "काका, तुम्हाला लेबर सांगायची काय गरज? कोण बघतंय मेडल?" मी त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो.

१ जानेवारी १८१८ ला कोरेगावात जे पडले त्यांची नावं स्तंभावर कोरली आहेत. त्यात २२ नावं आपल्या माणसांची, शेवटी "नाक" लागलेली. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला तिथे गेले ते ती नावं दगडावर होती म्हणून. खुद्द बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार. दापोली, महाड भागात तर पेन्शनर घराणी कितीतरी. असं असताना १८९२ च्या सुमारास इंग्रज सरकारने महारांची भरती बंद केली. लढाऊ जाती कुठल्या आणि बिनलढाऊ कुठल्या, याचं एक शास्त्रच त्यांनी बनवलं आणि त्यात आपल्याला बाहेर बसवलं. रावढळचे गोपाळबाबा वलंगकर, स्वतः हवालदार पेन्शनर, यांनी १८९४ साली याविरुद्ध अर्ज केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट विलायतेतल्या मंत्र्याकडे अर्ज पाठवला. उपयोग झाला नाही. १९१४ ला लढाई पेटली तरी दार बंदच. १९१७ साली माणूस कमी पडायला लागला तेव्हा १११ वी महार पलटण उभी केली, आणि गरज सरल्यावर १९२१ साली मोडून टाकली.

मग माझ्या आजोबांसारख्या, पलटणीत जायची हौस आणि पोटाला गरज दोन्ही असलेल्या पोराने काय करायचं? तो मजूर म्हणून गेला. मेसापोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, जहाजं रिकामी करायची, रस्ते खोदायचे, रेल्वेचे रूळ टाकायचे. कोरेगावच्या स्तंभावर ज्यांची नावं त्यांच्याच नातवंडा-पतवंडांच्या हातात शंभर वर्षांनी फावडं दिलं. तो बंद दरवाजा बघायचा असेल तर आमच्या घरचं काशाचं मेडल बघावं. बॅनरवर "शूर सैनिक" लिहिलं की तो दरवाजाच दिसेनासा होतो. पुतण्याला हे पटलं का, माहीत नाही. बॅनर मात्र पुन्हा लागला नाही.

आता दुसरी हकीकत. आमच्या गल्लीतल्या एका मावशींचे वडील दुसऱ्या महायुद्धात होते. १९४१ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते. आपल्या लोकांची स्वतंत्र पलटण हवी हा त्यांचा आग्रह होता, आणि १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. मावशी सांगतात, "साहेबांनी सांगितलं म्हणून दादा गेले." त्यांना दादांचे कागद हवे होते. पैशासाठी नाही. मरायच्या आधी बघायचे होते, एवढंच.

पहिलं पत्र आम्ही नुसतं नाव घालून लिहिलं. नंबराशिवाय शोध लागत नाही, असं उत्तर आलं. चूक आमचीच. एका नावाचे शंभर जण असतात. मग नंबर शोधायला लागलो. फोटोच्या मागे नाही, जुन्या पत्रात नाही. शेवटी मावशी तांदूळ ठेवतात त्या पत्र्याच्या ट्रंकेवर लक्ष गेलं. वरून हिरवा ऑइलपेंट मारलेला. ब्लेडने हळूहळू खरवडला तर खाली पांढऱ्या अक्षरात नंबर, हुद्दा, नाव! फौजी माणूस ट्रंकेवर नंबर घालतोच, आणि आपण पाच दिवाळ्या त्याच्यावर रंग मारत बसलो.

इथे वाचकांना कामाच्या दोन-चार गोष्टी सांगतो. पहिली म्हणजे, आपला माणूस म्हणजे महार रेजिमेंट असं धरून चालू नका. डेपो, इंजिनिअर, सप्लाय, लेबर, सगळीकडे आपली माणसं होती. आधी कागद, मेडल, टोपीवरचा बिल्ला बघा. महार रेजिमेंटच्या सुरुवातीच्या बिल्ल्यावर मशीनगनबरोबर कोरेगावचा स्तंभ होता, नंतर त्या जागी खंजीर आला. जुन्या फोटोत स्तंभ दिसला तर काळ आपोआप कळतो. या रेजिमेंटचं केंद्र मध्य प्रदेशात सागरला आहे, पत्रव्यवहार तिकडे. ज्याला पेन्शन नव्हती त्याचे बाकी कागद २५ वर्षांनी नष्ट करायचा नियम आहे, पण "लाँग रोल" नावाचं रजिस्टर कायम ठेवतात. म्हणून अर्जात लाँग रोलचा उतारा मागा. पेन्शनर असेल तर पेन्शनच्या कागदावर नंबर असतोच. रत्नागिरी, सातारा, जिथलं गाव असेल तिथल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही विचारा.

नावाचा घोळ मोठा. जुन्या कागदात "नाक" लागलेलं नाव, पुढच्या पिढीत गावाचं आडनाव, मुंबईत शाळेत मास्तरने तिसरंच घातलेलं. जातीच्या रकान्यात महार, धर्माच्या रकान्यात हिंदू. १४ ऑक्टोबर १९५६ नंतरच्या आपल्या मुलांना तो कागद दुसऱ्याच कुणाचा वाटतो. तसा तो फेकू नका.

जो लढाईत मेला त्याचं नाव युद्धस्मारकांच्या यादीत फुकट बघायला मिळतं, मुलांना मोबाइलवर शोधायला सांगा. जो जिवंत परत आला तो त्या यादीत नसतो. बसऱ्याच्या स्मारकावर चाळीस हजारांहून जास्त मृतांची नोंद आहे. त्यात गोऱ्यांची नावं आहेत, हिंदी अधिकाऱ्यांची नावं आहेत, साध्या हिंदी शिपायांचे पलटणीखाली नुसते आकडे. ते स्मारक सांभाळणाऱ्या आयोगानेच २०२१ साली कबूल केलं की हिंदी आणि आफ्रिकी मृतांना सारखी वागणूक मिळाली नाही. आमच्या गावच्या चावडीच्या भिंतीतही तसला दगड आहे. गावातून किती माणसं लढाईला गेली आणि किती परत आली नाहीत, एवढंच. नावं नाहीत.

हे सगळं मला लवकर समजलं त्याला कारण गिरणी. गिरणीतही माणसाला तिकीट नंबर असे. पुढे म्हाडाच्या घरासाठी अर्ज करायची वेळ आली तेव्हा १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर आपण कामावर होतो याचा कागद लागला. ज्याच्या बायकोने पगाराची पावती, ईएसआयचं कार्ड जपून ठेवलं त्याचा अर्ज पुढे सरकला. आमच्या खात्यातल्या किती तरी चांगल्या साचेवाल्यांकडे सांगायला तीस वर्षं होती, दाखवायला काही नव्हतं.

मावशींचं दुसरं पत्र नंबर घालून गेलं. सात महिन्यांनी उतारा आला. भरतीची तारीख, गाव, १९४६ चा डिस्चार्ज. मी वाचून दाखवत होतो. बापाच्या नावाशी आलो तेव्हा मावशींनी हात वर करून थांबवलं. आपल्या आजोबांचं नाव त्यांनी आयुष्यात ऐकलं नव्हतं, आजोबा दादांच्या लहानपणीच गेलेले. म्हणाल्या, "परत वाच." तीन वेळा वाचलं. मग त्यांनी नातवाला पेन आणायला लावलं आणि ट्रंकेच्या झाकणाच्या आतल्या बाजूला ते नाव लिहून घेतलं.

विहारात मी एक वही ठेवली आहे. रविवारी वंदनेनंतर असतो. ज्यांच्या घरी मेडल, ट्रंक, फोटो असेल त्यांनी घेऊन यावं, आणि कृपा करून येण्याआधी घासू नये.