अहेरी : प्राणहितेकाठचा वनविहारप्रदेश

महाराष्ट्र राज्याच्या गडचिरोली जिल्ह्यातील याच नावाच्या तालुक्याचे मुख्य ठिकाण व एका जुन्या गोंड जमीनदारीची गादी. हे गाव प्राणहिता नदीच्या डाव्या तीरानजीक, आलापल्लीच्या सागवनाला लागून वसले असून 26 ऑगस्ट 1982 रोजी गडचिरोली जिल्हा अस्तित्वात येईपर्यंत चंद्रपूर (पूर्वीचा चांदा) जिल्ह्यात मोडत असे. जिल्ह्याचे क्षेत्रफळ 14,412 चौ. किमी., लोकसंख्या 10,72,942 (2011). वर्धा व वैनगंगा या नद्यांचा संगम चपराळ्यापाशी होऊन प्राणहिता सिद्ध होते आणि सुमारे 113 किमी. वाहून सिरोंच्यासमोर कालेश्वर येथे ती गोदावरीस मिळते. पलीकडचा तीर तेलंगणाचा. गोंडी, माडिया, तेलुगू व मराठी या चारही भाषा येथे बोलल्या जातात.

तंबूतला मुक्काम आणि नदीकाठचा वनविहार, ज्याला अलीकडे शहरांतून ‘ग्लॅम्पिंग’ असे नाव मिळाले आहे, तो या तीराला सर्वस्वी नवा नाही. मात्र येथे पूर्वी जे तंबू पडले, त्यांचा इतिहास विहाराचा नसून राज्यकारभाराचा, तारायंत्राचा आणि रक्तपाताचा आहे. 1858 साली या मुलखात तारखात्याचे काम चालू असता त्या खात्याच्या माणसांची छावणी प्राणहितेच्या काठी चिंचगुंडी येथे पडली होती. अहेरी जमीनदारीतील मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव शेडमाके (जन्म 1833) यांनी त्याच वर्षी इंग्रजी सत्तेविरुद्ध शस्त्र उचलले होते, आणि 29 एप्रिलच्या रात्री त्यांच्या पक्षाने या छावणीवर छापा घातला. त्यात गार्टलँड व हॉल हे दोघे इंग्रज कर्मचारी मारले गेले. पीटर नावाचा तिसरा निसटून चांद्याचे डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन यांच्याकडे पोहोचला. पुढे अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्या साह्याने बाबुराव सरकारच्या हाती सापडले व 21 ऑक्टोबर 1858 रोजी चांदा येथे त्यांना फाशी देण्यात आले. एकाच जमीनदारीतील एक हात बंडाचा आणि दुसरा हात बंदोबस्ताचा, ही गोष्ट या भागाच्या लोकस्मृतीत आजही जागती आहे. नदीकाठी मुक्कामास येणाऱ्याने चिंचगुंडीचे नाव ऐकल्यावाचून परत जाऊ नये.

त्याच सुमारास सर आर्थर कॉटन यांच्या कल्पनेतून गोदावरी व तिच्या उपनद्या नौकानयनास योग्य करण्याचा प्रचंड उद्योग आरंभिला गेला. वऱ्हाड-नागपूरचा कापूस नदीमार्गे पूर्व किनाऱ्यास पोहोचवावा, हा त्यामागील हेतू होता. या जलमार्गात खडकांचे तीन मोठे अडथळे गणले जात. पहिला दुमागुडेम येथील, दुसरा सिरोंच्याखालचा, आणि तिसरा अहेरीजवळ देवलमरी येथील प्राणहितेचा. निजामाकडून 1860 मध्ये मिळालेल्या मुलखाचा अप्पर गोदावरी जिल्हा करून त्याचे ठाणे सिरोंचा येथे ठेवण्यात आले. परंतु खर्च फार व फळ अल्प असे दिसून येताच 1871 मध्ये ते काम सोडून देण्यात आले, आणि 1874 मध्ये तो जिल्हाही मोडून सिरोंचा चांद्यास जोडले गेले. इंजिनिअरांना जो खडक शत्रू वाटला तोच आज पाहणाऱ्यास या नदीचे सर्वांत रमणीय रूप दाखवितो.

यानंतरचा काळ दौऱ्यांचा. पावसाळा सरून वाटा वाळल्या म्हणजे जिल्ह्याचे व जंगलखात्याचे अंमलदार राहुट्या, पलंग, मेज-खुर्च्या व स्वयंपाकाचे सामान घेऊन गावोगाव मुक्काम करीत, आणि ते ओझे वाहण्यास रयतेला वेठीस धरण्याचा प्रघात मध्यप्रांतात दीर्घकाळ होता. सुसज्ज तंबूची ही पूर्वपीठिका विसरून चालणार नाही. कारण तंबू कोणाच्या जमिनीवर पडतो, त्याचे ओझे कोण वाहतो व त्याचे मोल कोणाच्या पदरी पडते, हेच प्रश्न आजच्या वनपर्यटनापुढेही जसेच्या तसे उभे आहेत.

अहेरीची जमीनदारी चांदा जिल्ह्यातील सर्व जमीनदाऱ्यांत विस्ताराने मोठी. आत्राम घराणे तिचे धनी. अहेरीच्या राजवाड्यातील दसरा हा भोवतालच्या आदिवासी गावांना एकत्र आणणारा सोहळा होय. या जमीनदारीची खरी संपत्ती साग. आलापल्ली येथील सागवान कीर्तिमान असून, चंद्रपूर-गडचिरोली भागातील साग 2023 मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारपूरहून रवाना झाला. आलापल्लीजवळ सुमारे 6 हेक्टरांचा एक वनखंड कुऱ्हाड न लावता राखून ठेवण्यात आला आहे. ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ या नावाने तो प्रसिद्ध असून 2014 मध्ये त्यास जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. क्षेत्र अगदी लहान. तथापि तोड होण्यापूर्वीचे हे अरण्य कसे होते याची साक्ष देणारे दुसरे स्थळ या परिसरात नाही, म्हणून त्याची योग्यता विस्ताराने कितीतरी मोठ्या असलेल्या अभयारण्यांहून कमी लेखू नये.

कमलापूर येथील हत्ती कॅम्प हे सांप्रत सर्वाधिक प्रेक्षणीय स्थान. लाकडाचे ओंडके ओढण्यासाठी वनखात्याने पाळलेले हत्ती, यंत्रे आल्यावर काम संपले तरी, येथेच राहिले. रात्री ते जंगलात चरावयास सोडले जातात व सकाळी माहूत आणि चाराकटर त्यांच्या मागावर जाऊन त्यांस परत आणतात. हिवाळ्यात हत्तींच्या पायांना वनौषधींच्या लेपाचा शेक देण्याचा ‘चोपिंग’ नावाचा विधी सुमारे दहा दिवस चालतो. त्या दिवसांत हत्तींना सुट्टी असते व कॅम्प प्रेक्षकांस बंद राहतो. 2022 मध्ये येथील काही हत्ती गुजरातेत जामनगर येथे हलविण्याचे घाटले तेव्हा स्थानिक जनतेने कडवा विरोध केला. हा विरोध सर्वथा योग्य होता. ज्या प्राण्यांना गावाने नावांनी ओळखले, त्यांना गावाच्या संमतीवाचून नेणे न्याय्य ठरत नाही.

चपराळा अभयारण्य (1986, 134.78 चौ. किमी.) संगमाला लागून असून नदीकाठच्या विहारास ते सर्वांत सोयीचे. रानम्हशींसाठी 2013 मध्ये संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून घोषित झालेले कोलामार्का इंद्रावतीच्या बाजूस आहे. सिरोंच्याकडे प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात पोचमपल्लीनजीक ‘बारापासॉरस टागोराय’ या महाकाय सरीसृपाचे जीवाश्म सापडले.

भात हे मुख्य पीक. मोहफूल, तेंदूपाने व बांबू यांवर बराच लोकव्यवहार चालतो. सुरजागडच्या लोहखनिजाची वाहतूक आलापल्लीमार्गे होते.

निवासासाठी वनखात्याची विश्रामगृहे आहेत. तंबू-निवासाची वाढ पुढे होणार असेल, तर ती ग्रामसभेच्या हाती असावी. वनहक्क कायदा (2006) ग्रामसभेला तिच्या जंगलावर सामूहिक हक्क देतो, आणि 2009 मध्ये असा हक्क मिळविणारे मेंढा (लेखा) याच जिल्ह्यातील गाव आहे. ज्या ग्रामसभा बांबू व तेंदूपानाचा व्यवहार स्वतः करू शकतात, त्यांना दहा राहुट्यांची व्यवस्था अवघड नाही.

येथे येण्यास ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. साकोली-गडचिरोली-आष्टी-आलापल्ली-सिरोंचा हा राष्ट्रीय महामार्ग क्र. 353 सी. प्राणहितेचा पुष्कर हा स्नानपर्वाचा सोहळा बारा वर्षांनी येतो. मागील 2022 च्या एप्रिलमध्ये झाला. पावसाळ्यात नद्यांना मोठे पूर येतात आणि पर्लकोटा नदीच्या पुराने आलापल्ली-भामरागड मार्ग पुन्हा पुन्हा बंद पडतो. म्हणून मुक्काम कोणत्याही ऋतूत पात्रातील वाळूवर न करता काठावरील उंच जागी करावा.