कात्रणाक्षर शैली

कात्रणाक्षर शैली : वर्तमानपत्रे, मासिके, जाहिराती यांतून कापलेली निरनिराळ्या आकारांची, वळणांची व जाडीची अक्षरे शेजारी चिकटवून मजकूर रचण्याची पद्धती. खिळ्यांच्या छपाईत भलत्याच संचातला खिळा ओळीत आला, तर मुद्रितशोधक तो दोष मानून बदलायला लावी. या शैलीत तीच विजोडता हेतुपूर्वक साधतात.

हस्ताक्षर लपवणारे निनावी पत्र हे तिचे सर्वांत परिचित रूप. ते रुळवण्यात रहस्यकथांचा वाटा मोठा. आर्थर कॉनन डॉयल यांच्या ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ (१९०२) या कादंबरीतले इशाऱ्याचे पत्र ‘टाइम्स’मधून कापलेल्या शब्दांचे आहे, शेरलॉक होम्स छापील अक्षराच्या वळणावरून ते वर्तमानपत्र ओळखतो. मराठीत रहस्यकथेला अफाट वाचकवर्ग मिळवून दिला तो चंद्रकांत सखाराम चव्हाण यांनी. वसई तालुक्यातील अर्नाळा गावाचे नाव धारण करून ‘बाबूराव अर्नाळकर’ म्हणून त्यांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांतील धनंजय-छोटू ही जोडी होम्स-वॉटसनच्या धर्तीची आहे.

कलेत ही शैली पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ‘दादा’ या कलाचळवळीतील कलावंतांनी आणली. हाना होख यांनी छापील चित्रे व शब्द कापून चिकटचित्रे केली. कुर्ट श्विटर्स यांना आपल्या कलेसाठी ‘मेर्झ’ हे नाव ‘कोमेर्झ’ या छापील शब्दाच्या तुकड्यातून मिळाले. १९७७ मध्ये जेमी रीड यांनी ‘सेक्स पिस्टल्स’ या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रिकांच्या वेष्टनांवर अशी अक्षरे वापरली आणि ती बंडखोरीची खूण ठरली.

देवनागरीत हे काम अधिक अवघड आहे. रोमन अक्षरे सुटी असतात; देवनागरी शब्द शिरोरेषेने बांधलेला असतो व कातरी प्रथम तीच तोडते. ‘अर्नाळा’ हाच शब्द घेतला, तर ‘अ’ सहज सापडतो. ‘र्ना’साठी मात्र बहुधा ‘ना’ कापून रफार वेगळा चिकटवावा लागतो, आणि ‘ळा’ हिंदी छपाईत सहसा मिळत नाही. मराठी व हिंदी छपाईतील ‘ल’ आणि ‘श’ यांची रूपेही निराळी असतात. मराठीची रूपे २००९ च्या शासननिर्णयाने निश्चित केली. त्यामुळे कात्रण कोणत्या भाषेतून आले, हे जाणकाराला कळू शकते.

म्हणून मराठीत ही शैली वापरताना कापण्याचे एकक सुटा वर्ण नव्हे, तर काना-मात्रा-वेलांटीसह पूर्ण अक्षर धरावे लागते. शिरोरेषा वरखाली झाली तरी शब्द वाचता येतो. मात्रा हरवली, तर अर्थच बदलतो.