भिंतींतल्या विटेवरचा कर

दुकानांत मांडलेली वीट हा विकावयाचा माल आहे, याविषयीं कोणाचा वाद नाहीं. तीच वीट गवंड्यानें भिंतींत बसविली म्हणजे तिची विक्री झाली काय, हा प्रश्न मात्र भारतांतील न्यायालयांना अर्धशतकाहून अधिक काळ पुरला.

मद्रास इलाख्यानें १९३९ सालीं विक्रीकराचा कायदा केला, आणि १९४७ सालीं त्यांत दुरुस्ती करून बांधकामाच्या मक्त्यांत लागणारा मालही त्या कराखालीं आणला. गॅनन डंकर्ली या बांधकामाच्या कंपनीनें या आकारणीस हरकत घेतली. १९५८ सालीं सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. तो न्यायमूर्ति वेंकटराम अय्यर यांनीं लिहिला. प्रांतांना १९३५ च्या कायद्यानें अधिकार मिळाला होता तो मालाच्या विक्रीवर कर बसविण्याचा. आणि विक्री म्हणजे १९३० च्या मालविक्रीच्या कायद्यांत जिला विक्री म्हटलें आहे तीच, असें न्यायालयानें धरलें. मालक मक्तेदाराशीं करार करतो तो घर बांधून घेण्याचा. विटा, चुना आणि लोखंड खरेदी करण्याचा नव्हे. तो करार एक आणि अखंड असतो. विटा मालकाच्या होतात खऱ्या, पण त्या सुटा माल म्हणून नव्हे, तर त्याच्या जमिनीशीं जडल्या म्हणून. सबब विक्री नाहीं, आणि कर नाहीं.

युक्तिवाद मोठा सुरेख होता. राज्यांच्या तिजोरीस तो मानवणारा नव्हता, इतकेंच. १९७४ सालीं विधि आयोगानें या अडचणीचा विचार केला, आणि पुढें शेहेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनें २ फेब्रुवारी १९८३ पासून तिचें निवारण झालें. मक्त्यांतील माल ‘माल म्हणून अथवा अन्य रूपानें’ मालकाकडे गेला तरी ती विक्रीच समजावी, असें घटनेंत घातलें गेलें. ही दुरुस्ती वैध असल्याचें १९८९ सालीं ठरलें. कर किती रकमेवर घ्यावयाचा, हें १९९२ सालीं पुन्हा गॅनन डंकर्लीच्याच दुसऱ्या खटल्यांत सांगितलें गेलें: मक्त्याच्या एकूण रकमेंतून मजुरी, नकशांचा खर्च, यंत्रांचें भाडें, पाणी, वीज, तसेंच मजुरीसाठीं पोटमक्तेदारास दिलेली रक्कम वजा करावी.

परंतु पोटमक्तेदारानें स्वतःचा माल घातला असेल तर? मुख्य मक्तेदार काम घेतो, त्यांतील कांहीं भाग दुसऱ्याकडे सोंपवितो. पोटमक्तेदाराकडून मुख्याला एक विक्री आणि मुख्याकडून मालकाला दुसरी, असें मानलें तर एका विटेवर कर दोनदां बसतो, आणि तो भार अखेर घर बांधणाऱ्यावरच पडतो. आंध्र प्रदेश सरकारनें लार्सन अँड टुब्रो कंपनीच्या हिशेबांत पोटमक्त्यांची रक्कम धरली, तेव्हां २००८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तें अमान्य केलें. पोटमक्तेदारानें वीट बसवितांच ती थेट मालकाची होते. मुख्याच्या हातीं द्यावयास कांहीं उरतच नाहीं. विक्री एकच. ज्या तत्त्वानें १९५८ सालीं कर साफ उडविला, त्याच जडण्याच्या तत्त्वानें पन्नास वर्षांनीं दुहेरी कर टाळला, ही गंमत कायद्याच्या अभ्यासकांनीं लक्षांत घेण्याजोगी आहे.

१ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर आला, आणि घरबांधणीचा मक्ता माल न राहतां सेवा ठरला. आतां पोटमक्तेदार आपल्या बिलांत कर लावतो, मुख्य मक्तेदार तो भरतो आणि आपल्या देण्यांतून तितकी वजावट मागतो. ही वजावट मिळावयाची तर पोटमक्तेदारानें तो कर सरकारांत प्रत्यक्ष जमा केलेला असला पाहिजे.