सट्टाबाजारावरून राज्य निवडणुकांचे भाकीत (ऑस्ट्रेलिया)

ऑस्ट्रेलियातील राज्य संसदांच्या निवडणुकांवर परवानाधारक सट्टा कंपन्या पैजा स्वीकारतात. त्यांच्या भावांवरून संभाव्य विजेत्याचे अनुमान काढले जाते. एकास भावाने भागले असता शक्यता मिळते. उदाहरणार्थ, १.२५ व ४ हे भाव अनुक्रमे ८० व २५ टक्के शक्यता दर्शवितात. शंभरावरील ५ टक्के हे कंपनीच्या नफ्यासाठी असतात.

मर्यादा

क्वीन्सलंडमध्ये २०१२ साली ८९ पैकी ७८ जागा जिंकलेल्या लिबरल नॅशनल पक्षालाच २०१५ मध्येही सट्टाबाजाराची पसंती होती. प्रत्यक्षात त्याला ४२, तर मजूर पक्षाला ४४ जागा मिळाल्या. मुख्यमंत्री कॅम्पबेल न्यूमन ॲशग्रोव्ह मतदारसंघात स्वतःही पराभूत झाले. मात्र एका निकालाने भाव चुकीचे ठरत नाहीत. ८० टक्के शक्यता असलेला पक्ष पाच वेळांपैकी एकदा हरणे अपेक्षितच असते.